चांदीच्या वाटीतला घास

रवंथ करत बसलेल्या म्हाताऱ्या गाईच्या तोंडात हात घालून डोमाजीभाऊंनी तिचा चावता घास पळवला, तेव्हा गाईपेक्षा मीच जास्त गोंधळलो. भाऊ अहेरीच्या गुरांच्या दवाखान्यात मलमपट्टी करायचे. मी त्यांच्या शेजारचा मास्तर.

झालं असं, की एका श्रावणात ते आमच्या दारात उभे. "मास्तर, उद्या उष्टावन हाये घरी. बाईले घेऊन या."

आता उष्टावण म्हणजे बाळाला पहिला घास, आणि तो भरवायचा मामानं. भाऊंचं तर लग्नच झालेलं नाही! माझी बायको आधी लाजली, मग चिडली, शेवटी झबलं शिवून मोकळी झाली.

जाऊन बघतो तर पाटासमोर वासरू. आई मेलेलं, हाडं मोजून घ्यावीत असं.

"चार खोल्यांचं पोट हाये याचं," भाऊ म्हणाले. "दूध सिधं चौथ्या खोलीत जाते. बाकी तीन झोपून हायेत. नुसत्या दुधावर ठेवलं तं त्या कवा जागतीन?" म्हणून कोवळं गवत, आणि वर त्या म्हाताऱ्या गाईचा उष्टा घास; त्यातल्या जंतूंनी झोपलेल्या खोल्या जागतात, असं भाऊंचं म्हणणं.

"मग मामा कोण?"

"मी."

"आणि यजमान?"

"मीच."

"मग आम्ही?"

"पाव्हने जी!"

घास चांदीच्या वाटीत होता. वाटी कोणाची, असं बायकोनं विचारलं.

"भाच्याची. बहीण भामरागडले असते. उष्टावनाले निघालो तं नदीले पूर. आठ दिवस काठावर बसून राह्यलो. घास दुसऱ्यानंच भरवला. तवापासून बहीण बोलत नाई. पोरगा आता शाळेत जाते म्हनतेत."

भाऊंनी घास वासराच्या तोंडात सारला. वासरानं घास थुंकला.

पुढं रोजच थुंकायचं. भाऊ त्याच्या डाव्या कुशीला कान लावून विचारायचे, "जागलं का रे?" वासरू खंगत चाललं, आणि त्याच्याबरोबर भाऊही जेवेनासे झाले.

एका सकाळी ते धावत आले. "बाई, भाचा चावून राह्यला!"

बायको पदर सावरत बाहेर आली. "अगंबाई, आला का बहिणीचा? आता झबलं कसं हो होणार त्याला?"

भाऊंचा चेहरा क्षणभर उतरला. "वासरू हो, बाई," ते हळूच म्हणाले. "रवंथ करून राह्यलं."

बायकोनं डोळे पुसले, चुलीवरचं भांडं उतरवलं आणि पायात चपला घातल्या.

"मग चला की, मामा. भाचा दाखवा."