बेपत्ता फेसाचं प्रकरण

मी नवनाथ बडेकर. राहतो भिवपुरी स्टेशनापासून चालत बारा मिनिटांवर, पण बुद्धीने फार लांब पोहोचलेला माणूस आहे. वीजकेंद्राच्या देखभाल विभागात चौतीस वर्षं काढली आणि निवृत्त झालो त्याच संध्याकाळी गुप्तहेर झालो. माझी नजर घारीची. मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यापासून तर दोन घारींची. या प्रकरणाआधी एकवीस प्रकरणं हाताळली आहेत. त्यातली सुटली किती, हा प्रश्न फक्त क्षुद्र मनाची माणसं विचारतात. आमच्या घरात असं एकच माणूस आहे. संध्या. ती माझी पत्नी आणि सहायक. यातलं दुसरं पद तिने अजून स्वीकारलेलं नाही.

प्रकरण तिच्यापासूनच सुरू झालं. पनवेलला भाचीकडे जाऊन आली आणि म्हणाली, “अहो, तिच्याकडे कॉफीवर चांगला दोन बोटं फेस असतो. आपण पण आणू या ना ते फेस काढायचं यंत्र.”

छत्तीस वर्षांच्या संसारात संध्याने स्वतःसाठी मागितलेली ही तिसरी वस्तू. पहिल्या दोन वस्तूंची चौकशी अजून चालू आहे. तेव्हा या वेळी मी तडक निघालो.

खालापूरला शब्बीरचं भांड्यांचं आणि विजेच्या वस्तूंचं दुकान आहे. त्याने काउंटरवर तीन नमुने मांडले. एक विजेचा मग, दूध आपणच तापवतो, आपणच घुसळतो. दुसरं काचेचं भांडं, त्यातला दांडा हाताने वरखाली करायचा. तिसरा हातात धरायचा दांडू, सेलवर चालणारा, टोकाला स्प्रिंगचं कडं.

“आरपीएम किती?” मी विचारलं.

“काका, फेस येतो.”

“फेस नाही विचारला. मिनिटाला फेरे किती?”

“फेस येईपर्यंत लागतात तेवढे सगळे फेरे आहेत यात,” शब्बीर म्हणाला.

मी त्याचं उत्तर वहीत ‘टाळाटाळ’ या सदराखाली लिहिलं. संध्याने तोवर निकाल लावला होता. “विजेचा नको, आपल्याकडे कॉफीच्याच वेळेला लाइट जाते. दांड्याचा नको, माझा खांदा धरलाय. हा सेलवाला द्या.” मी पंधरा मिनिटं सखोल विचार केला आणि सेलवाला निवडला.

“याची देखभाल?”

“वापरून झाला की गरम पाण्यात फिरवायचा काका. झालं.”

“एवढंच?”

“एवढंच.”

यंत्र विकणारा ‘एवढंच’ म्हणाला, की काहीतरी दडवतोय हे ओळखावं. मी ओळखलं.

पहिल्या सकाळी संध्याने कोमट दुधाचा मग जरा तिरका धरला, कडं दुधात जेमतेम बुडवलं आणि बटण दाबलं. घर्रर्र! दूध फुगत फुगत काठाला आलं. कॉफीवर फेस, अगदी दोन बोटं. संध्याच्या वरच्या ओठावर पांढरी मिशी आली आणि आरशात बघून ती एवढी हसली, की मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू, फारच बरं वाटलं.

दुसऱ्या सकाळी फेस नाही. चार बुडबुडे आले, एकमेकांकडे बघून फुटले. तिसऱ्या सकाळी तेही आले नाहीत.

“राहू द्या हो,” संध्या म्हणाली. “साधी पिऊ.”

हे ‘राहू द्या’ तिने पहिल्या दोन वस्तूंच्या वेळीही म्हटलं होतं. मला ते टोचलं. चौथ्या दिवशी मी पहाटेची कामं उरकली, फाटकाला तेल, पंख्याला तेल, शिलाई मशीनला तेल, आणि तपासाला बसलो.

पहिला संशय सेलवर. नवे सेल घातले. यंत्र दुप्पट जोरात फिरलं, दूध माझ्या चष्म्यावर आलं, फेस नाही. दुसरा संशय संध्यावर. ती साय काढून तूप कढवते.

“तुम्ही तपास करताय की सासुरवास?” ती म्हणाली. “साय मी छत्तीस वर्षं काढतेय. पहिल्या दिवशीही काढली होती.”

मुद्दा बिनतोड होता, म्हणून मी तो सोडून दिला. उरला एकच आरोपी. दूध.

आमच्या आळीला दूध घालते सोनाबाई. डोंगराखालच्या वाडीतली. तिची म्हैस मोगरी. या दुधावर आळीतली अकरा घरं चालतात आणि त्या अकरा घरांवर सोनाबाईचं घर. डेअरीतून मी दुधाची घनता मोजायची काचेची नळी उसनी आणली आणि दुधात सोडली. नळी म्हणाली, दूध उत्तम. याचा सरळ अर्थ, नळीही सामील होती.

त्याच दुपारी मी आळीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलं : ‘सोनाबाईच्या दुधात पाणी असल्याचा दाट संशय. तपास चालू. नागरिकांनी घाबरू नये.’

नागरिक घाबरले. दुसऱ्या दिवशी तीन घरांनी दूध बंद केलं.

सोनाबाई कॅन घेऊन आमच्या ओट्याशी उभी राहिली. चौदा वर्षांत तिचा आवाज कधी चढलेला मी ऐकला नव्हता. आताही चढला नाही, म्हणून जास्त लागला.

“दादा, तुमी मला पानी घालताना बघितलंव काय?”

“पुरावे तसं सांगतात, सोनाबाई.”

“तीन घरं गेली. उद्या बाकीची जातील. मंग मी मोगरीला काय खायाला घालू, तुमचे पुरावं?” तिने पदराने तोंड पुसलं. “उद्या सकाळी मी तिलाच इथं आनते. तुमच्या म्होरं पिळते. फेस नाय आला, तर या आळीत पुन्ना पाय नाय ठेवनार. आला, तर काय करायचं ते तुमीच सांगा.”

रात्रीची भाकरी संध्याने ताटात जरा जोरात वाढली.

सकाळी आमच्या फाटकाशी मोगरी उभी. काळीभोर, शांत, खुनशी. (खुनशी हा माझा त्या वेळचा अंदाज.) आळी झाडून जमली. समोरच्या बदरुन्निसाभाभी खुर्ची घेऊनच आल्या. दूध बंद करणाऱ्या तिन्ही घरांची माणसं मागे मागे, कठड्याला टेकून.

सोनाबाईने मोगरीची कास धुतली, चरवी मांडली आणि धारा काढल्या. चरवीत फेस मावेना! बदरुन्निसाभाभी म्हणाल्या, “या अल्ला, फेस तर हा काय.”

“तो नैसर्गिक फेस,” मी म्हणालो. “कायद्यात चालत नाही.”

संध्याने दूध गाळलं, तापवलं, कोमट केलं. मी स्वतः यंत्र आणलं आणि सगळ्यांसमोर मगात सोडलं. घर्रर्र. मी मनात वीस मोजले. घर्रर्र. चाळीस. दूध गोल गोल फिरलं आणि थांबलं. फेस नाही.

सोनाबाईचा चेहरा एकदम म्हातारा दिसायला लागला. आणि मी? मला त्या क्षणी शरमेने मान खाली घालायला हवी होती. मी तर्जनी वर केली.

“मंडळी, पाणी घालायला कोणाला संधीच नव्हती. म्हणजे पाणी आतूनच येतंय. या कटाची सूत्रधार म्हैस आहे!”

मोगरीने शेण टाकलं.

“अहो, घरात चला,” संध्या दातओठ खात म्हणाली.

पण सोनाबाईने मग उचलला होता. उजेडाकडे धरून ती दुधात बघत राहिली. बोट बुडवलं, अंगठ्यावर चोळलं, हुंगलं. मग यंत्राचं कडं हुंगलं.

“वयनी,” ती हळूच म्हणाली, “ह्या दुदावर तवंग हाय. खोबरेलाचा. म्हशीला मी सरकी घालते, डोक्याला तेल नाय लावत.”

संध्याने कडं हुंगलं. मग माझ्याकडे बघितलं. छत्तीस वर्षांत तिने अशी नजर दोनदाच टाकली आहे.

“तुम्ही याला तेल घातलंत?”

“अर्थात,” मी म्हणालो. “रोज पहाटे, दोन थेंब. फिरतं यंत्र आहे! तेल नको? चौतीस वर्षं मी हेच केलं. शिवाय खाण्याची वस्तू म्हणून ग्रीस न घालता शुद्ध खोबरेल घातलं.”

“कधीपासून?”

“पहिल्या दिवशी कॉफी झाली ना, त्याच्या दुसऱ्या पहाटेपास...”

वाक्य तोंडातच राहिलं. गुन्हेगार जागीच कबुली देतात असं मी बऱ्याचदा सांगतो. ते इतकं सोपं असतं हे मला माहीत नव्हतं.

संध्याने कडं साबण आणि कढत पाण्याने खसाखसा धुतलं, मगही धुतला. त्याच चरवीतलं, त्याच मोगरीचं दूध घेतलं. घर्रर्र. फेस असा फुगला, की काठावरून ओघळून ओट्यावर आला. कठड्याला टेकलेली माणसं जमिनीकडे बघायला लागली. मीही बघितलं. तिथे शेण होतं.

“लिहा,” संध्याने माझा फोन माझ्या हातात दिला. मी लिहिलं आणि तिने ते सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवलं : ‘सोनाबाईचं दूध शुद्ध आहे. चूक बडेकरांची. बडेकर मूर्ख आहेत.’ शेवटचं वाक्य मी लिहिलं नव्हतं, ते तिने वाचताना जोडलं, पण हरकत घ्यायची हिंमत झाली नाही. तिन्ही घरांची भांडी तिथल्या तिथे पुढे आली.

मी हात जोडले. “सोनाबाई, माझं चुकलं. तुमचं नाव मी विनाकारण घालवत होतो.” खरंच चुकलं होतं.

“माझं ठीक हाय,” ती म्हणाली. “आन् हिचं?”

तेव्हा अख्ख्या आळीसमोर मी मोगरीपुढेही हात जोडले. तिने माझ्या बाहीची चव घेतली.

संध्याने पहिला कप सोनाबाईला दिला. दोन बोटं फेस. सोनाबाई ओट्यावर टेकली, फुंकर मारून एक घोट घेतला, मग दुसरा. थांबली, कपात वाकून बघितलं. फेस गेला होता आणि खाली अर्धाच कप कॉफी उरली होती. ती माझ्याकडे वळली.

“दादा, म्या अर्दा कप पानी घातलं असतं, तर चोर ठरले असते. तुमी अर्दा कप वारा घातलाव, तर ती कापी?”

बावीस प्रकरणांत पहिल्यांदाच कोणीतरी मला खरा प्रश्न विचारला. मी निमूटपणे तिचा कप पुन्हा भरला, या वेळी दुधाने.