ताईकडे आठ मिनिटांत

तोकुजी आसानुमाचं एक वाक्य दक्षिण बेटावर सगळ्यांना पाठ होतं. "ताईकडे? बारा किलोमीटर! विमानाने आठ मिनिटं! तिने चहा ओतावा, तो निवायच्या आत मी दारात!" साखर कारखान्यातून निवृत्त झाल्यावर तर गडी हे टपालवाल्यालाही ऐकवू लागला. समोर समुद्रात उत्तर बेट दिसायचं. तिथे त्याची थोरली बहीण फुमी राहायची. ती इतकी जवळ होती, की गेल्या सहा वर्षांत तिकडे जायची घाई त्याला कधी वाटलीच नाही.

मंगळवारी सकाळी भाचीचा, काझुएचा फोन आला. "मामा, आईचं काही खरं नाही. शुद्धीवर आहे, तुमचंच नाव घेतेय. दुपारच्या विमानाने या."

"आलोच! आठ मिनिटं!"

फोन ठेवला आणि त्याचा चेहरा पडला. न्यायला घरात काहीच नव्हतं!

"अगं, ताईला माझ्या हातची सुशी लागते. मासा सोया सॉसमध्ये रात्रभर मुरायला हवा. उद्या जातो."

"अहो, बहीण शेवटच्या घटका मोजतेय आणि तुम्ही मासा मुरवत बसणार?" बायको हात्सुए कडाडली. "रिकाम्या हाताने गेलात तर काय हाकलून देणार आहेत?"

"रिकाम्या हाताने आयुष्यात कुणाच्या दारात गेलो नाही मी! आणि ताई काय लांब आहे?"

बुधवारी रुमालात बांधलेला डबा मांडीवर घेऊन तो विमानात बसला. पाचव्या मिनिटाला खाली ताईचं निळं छप्पर दिसलं! त्याने पट्ट्याला हात घातला, तोच वाऱ्याने विमान असं हलवलं की डबा हनुवटीवर आदळला. एक घिरटी. पुन्हा छप्पर. आणखी एक घिरटी. मग वैमानिकाने चार वेळा मनापासून माफी मागितली आणि विमान मोठ्या बेटावरच्या नाहा शहराकडे वळवलं. साडेतीनशे किलोमीटर!

"पोरी, मला इथेच उतरव गं," तोकुजी हवाईसुंदरीला म्हणाला. "ते बघ, ते निळं छप्पर!"

"आजोबा, पट्टा लावा," ती अदबीने म्हणाली.

गुरुवारी उड्डाण रद्द. बोट? ताईच्या बेटाला धक्का नाही, बोटीतून माणसांना पिंजऱ्यात घालून क्रेनने वर घेतात, आणि असल्या लाटांत बोट निघतच नाही. उकाड्याने सुशी वास मारू लागली. विमानतळावर त्याच्या दोन्ही बाजूंच्या खुर्च्या रिकाम्या झाल्या. शेवटी कचरापेटीसमोर उभं राहून त्याने डब्याला वाकून नमस्कार केला आणि तिथेच ढसाढसा रडला.

शुक्रवारी विमान उतरलं. ताईच्या दारात काझुए सुतकाच्या काळ्या कपड्यांत उभी होती.

"कधी?"

"बुधवारीच. नाहात तुम्ही एकटे, म्हणून कळवलं नाही. विमान घरावरून गेलं ना, तो आवाज आईने ऐकला. म्हणाली, 'तोकुजी आला बघ. चहा ओत.' मी ओतला."

"रिकाम्या हाताने आलोय गं," तोकुजी मान खाली घालून म्हणाला. "सुशी खराब झाली."

काझुए रडता रडता हसली. "बरं झालं, मामा. आईला ती कधी आवडलीच नाही. फार खारट व्हायची. तुमचं मन मोडू नये म्हणून खायची."

ताईच्या उशाशी भरलेला कप तसाच होता. तोकुजीने तो उचलून तोंडाला लावला. चहा पार निवला होता.