सोनकुसऱ्यांची पेटी

पेटी पसंत करण्यापूर्वी सोनकुसरे तिच्यात आडवे होत. टोपी पोटावर, डोळे मिटलेले. बाहेर माणसं ताटकळत उभी. थोड्या वेळाने आतून निकाल येई, "हे नाही जमत. दुसरी दाखवा."

भिलाईचा कारखाना उभा राहत होता, तेव्हाची गोष्ट. रशियातून यंत्रं मोठमोठ्या लाकडी पेट्यांतून येत. यंत्र बाहेर निघालं की पेटी कामगारांना मिळे. कॅम्पातल्या आमच्या क्वार्टरांत खोली एकच, त्यामुळे कोणी पेटीत स्वयंपाकघर थाटलं, कोणी कोंबड्या ठेवल्या, एकाने जावयाची सोय केली. कोणती पेटी घ्यावी हे सोनकुसरे सांगत. ते माझे शेजारी. क्रेनखाली साखळ्या बांधायचं काम करत. सल्ल्याचा अधिकार त्यांना कोणी दिला नव्हता. त्यांनी तो घेतला होता.

पहिला प्रश्न ठरलेला. "आत काय ठेवून राहिला, ते सांग." उत्तर गुळमुळीत आलं की ते सायकलवर टांग टाकत.

मोठी पेटी मागणाऱ्यांवर त्यांचा विशेष राग. "तुले सामान ठेवाले पायजे का मिरवाले?" समोरच्या क्वार्टरातले गणवीर पूर्वी रेल्वेत नोकरीला होते, त्यांनी ऐकलं नाही. त्यांनी आणलेली पेटी क्वार्टर आणि कुंपण यांच्यामधून जाईना. ती रस्त्यातच राहिली. सोनकुसरे तिला रोज वळसा घालत आणि आवाज देत, "गणवीरभाऊ, पेटी हलवता का घर?"

तेच सोनकुसरे एका रविवारी स्वतःसाठी गल्लीतली सगळ्यांत लांब पेटी घेऊन आले. कुंपण त्यांनी आधीच उपटून ठेवलं होतं.

गणवीरांनी संधी सोडली नाही. "कावून सोनकुसरे, आता मिरवाचं तुमाले?"

सोनकुसऱ्यांनी करवत घेतली, पेटीचा तळ मधोमध कापला आणि खाली खड्डा खणायला घेतला. गल्ली हसून बेजार झाली.

संध्याकाळी मी विचारलं, तेव्हा त्यांनी सांगितलं. भंडाऱ्याकडच्या गावी त्यांचे वडील एकटे होते. जातीचे कोष्टी; खड्ड्यात पाय सोडून मागावर टसरचं रेशीम विणणारे. आई गेल्यापासून मुलगा बोलावत होता आणि म्हातारे विचारत होते, माग कुठे मांडू?

"क्वार्टरात माग बसत नाही जी," सोनकुसरे म्हणाले. "म्हणून पेटी. पण नाही जमलं तर वापस जाईन, असं सांगूनच येऊन राहिले ते."

म्हातारे आले. दुर्ग स्टेशनावरून बैलगाडीने माग आला, पेटीत मांडला गेला. म्हातारे काठावर बसले, पाय खाली सोडले. पायांनी दाबायच्या पट्ट्या पार खाली राहिल्या. पाय हवेत लोंबकळले.

"हीर खंदली का बे?" विहिरीत डोकावल्यासारखं खाली पाहत म्हातारे म्हणाले.

सोनकुसऱ्यांनी खड्डा आठवणीवरून खणला होता. लहानपणी ते वडलांच्या खड्ड्यात उतरत, तेव्हा फक्त डोकं वर राही. आताही फक्त डोकं वर राहीपर्यंत त्यांनी खणला. तेव्हाच्या पोराची उंची हिशेबात धरायची राहून गेली.

गणवीरसुद्धा हसले नाहीत. म्हाताऱ्यांचं बोचकं दाराशी तसंच बांधलेलं होतं. सोनकुसरे खड्ड्यात उतरले, पट्ट्या सोडवल्या. गणवीरांनी घमेलं उचललं. माती पडे, सोनकुसरे ती पायांनी दाबत, म्हातारे पाय सोडून पाहत.

"अजून."

पुन्हा माती.

"अजून जराशी."

शेवटी पट्ट्या पुन्हा बसवल्या. म्हाताऱ्यांनी एक दाबली, मग दुसरी. माग करकरला.

"जमते," ते म्हणाले.

"मंग?" सोनकुसऱ्यांनी वर न पाहता विचारलं.

"मंग काय? गावाले निरोप धाड. माह्या शेळ्या कोनाले देऊन टाका म्हना."

सोनकुसरे मान खाली घालून बराच वेळ कडेची माती दाबत राहिले. ती केव्हाच घट्ट बसली होती.