गोदाक्काचा गुडघा, दुसऱ्यांदा

एका जंगलात, बाळांनो, गुडघेदुखी होती. वाघही होते, पण त्यांचा त्रास कमी.

तिथं गोदाक्का नावाची हत्तीण राहायची. तिचा डावा गुडघा सहा वर्षांपूर्वी बदलला होता. तो आता सैल झाला होता. नदी समोर दिसायची, पण गोदाक्काला तिथवर जाता येईना. लेक रेवती सोंडेनं पाणी आणून आईला अंघोळ घालायची.

गुडघा पुन्हा बदलायचा ठरला. डॉक्टर सुतारपक्षी म्हणाले, हाड आता थोडंच उरलंय, तिसऱ्यांदा काही जमायचं नाही.

हे ऐकून रेवतीची झोप उडाली. तिनं सागाच्या पानावर तक्ता केला. कुठला सांधा किती वाकतो, किती टिकतो, आधी कुणाला बसवला, तो अजून चालतो का. मी तिला हसत नाही. बाळाची दुधाची बाटली निवडायला मला अकरा दिवस लागले होते, आणि शेवटी ती गळकीच निघाली.

मग विक्रेते आले. खेकड्यानं बिजागरीचा सांधा आणला आणि आपली नांगी उघडून मिटून दाखवली. साळिंदराच्या सांध्याला वर-खाली लांब दांड्या होत्या, हाडात खोल जाणाऱ्या. गोगलगाय म्हणाली, झिजलेल्या हाडाची पोकळी भरायला शंकूच हवा. तिचं म्हणणं संपेपर्यंत दुपार झाली.

रेवतीनं सगळं लिहून घेतलं. पान भरलं. दुसरं घेतलं.

डॉक्टरांनी दोन्ही पानं वाचली. म्हणाले, "छान आहे. पण पहिला सैल कशानं झाला?"

"डिझाइनच खराब होतं," रेवती म्हणाली.

गोदाक्का आभाळाकडे बघत होती.

"अक्का?" डॉक्टर म्हणाले.

"टेकडीवरून घसरायचे मी," गोदाक्का म्हणाली. "पावसाळ्यात. चिखल झाला की. कळपातली पिल्लं पुढं, मी मागं."

"आई, तू भजनाला जात होतीस ना?"

"भजन टेकडीवरच असायचं."

"आणि खाली थांबायचीस कशी?" डॉक्टरांनी विचारलं.

"गुडघ्यानं."

खेकड्यानं नांगी मिटली. साळिंदराचे काटे खाली बसले. गोगलगाय आत गेली, आणि तेवढं मात्र तिनं झटकन केलं.

डॉक्टर म्हणाले, कुठला सांधा ते आत हाड बघून ठरवीन. नुसतं चालायला तो बारा वर्षं पुरेल. घसरायला बारा दिवस.

"मग नकोच तो," गोदाक्का म्हणाली. "पिल्लांच्या मागं कोण राहणार? एकटी घसरली की ती थेट नदीत जातात."

सगळे रेवतीकडे बघायला लागले. रेवती तक्त्याकडे बघत राहिली. त्यात हा रकानाच नव्हता.

"मी राहीन," ती अगदी बारीक आवाजात म्हणाली.

शस्त्रक्रिया झाली. तीन महिन्यांनी गोदाक्का आपल्या पायांनी नदीवर गेली आणि संध्याकाळपर्यंत बाहेर आलीच नाही. सांधा कुठला बसवला, हे विचारायचं रेवती विसरली.

कारण पाऊस सुरू झाला होता. पहिल्यांदा ती डोळे मिटून घसरली. दुसऱ्यांदा एक डोळा उघडा होता. अकराव्यांदा पिल्लं दमली आणि म्हणाली, मावशी, आता पुरे. रेवती ऐकेना.

ब्रेक ती गुडघ्यानंच लावत होती.

तात्पर्य : सांध्यांची तुलना अवश्य करावी, चार जणांचं मत घ्यावं. आईला मात्र काही विचारू नये. ती खरं सांगते, आणि मग आपल्याला मजा यायला लागते.