खारट काकवी, गोड मटण

"मटणाला मीठ न्हाई, हळद न्हाई, मसाला न्हाई! नुसता ह्यो सोया सॉस वतायचा. पाव्हणं ताट चाटून पुसून पोरगी हितंच ठिवून जातील!"

आष्ट्याच्या हंबीररावानं ही गर्जना केली, तेव्हा तो ब्रह्मदेशच्या लढाईवरून नुकताच परतला होता. तिकडं कुणा चिनी आचाऱ्यानं सोयाबीन आंबवून केलेला हा काळा, खारट रस त्याला रमच्या बाटलीत भरून दिला होता. ती बाटली हंबीरराव अशी जपायचा, की त्याच्या रायफलीला सवत आल्यासारखं वाटावं! आज साताऱ्याचे पेन्शनर सुभेदार लालासाहेब सपत्नीक लेकीसाठी स्थळ बघायला आले होते. हंबीररावाची आधीची दोन स्थळं मोडलेली. हेही मोडलं, तर मारुतीच्या शेजारी ओट्यावर जागा बघण्याची वेळ!

चूल धुमसत होती. डोळे चोळत त्यानं फडताळातली रमची बाटली काढली आणि मटणात भडाभडा ओतली. आता फडताळात दोन बाटल्या होत्या, हे त्याला कुणी सांगावं? दुसऱ्या तसल्याच बाटलीत रंगूबाईनं, म्हणजे त्याच्या आईनं, घरच्या उसाची काकवी भरून ठेवली होती. ती गेली मटणात. उरला सोया सॉस!

पाव्हण्यांचं तोंड आधी गोड करावं म्हणून रंगूबाईनं चपातीवर त्याचीच धार धरली. "आवं, आमच्याच रानातली काकवी हाय. लाजू नगासा!"

घास तोंडात जाताच लालासाहेबांच्या मिशा सलामीला उभ्या राहिल्या. "खारट हाय!"

रंगूबाई कानानं जरा जड. "व्हय तर! समदं गाव नावाजतंय!"

लालासाहेब बायकोच्या, हरणाबाईंच्या, कानाशी लागले. "रानाला मीठ फुटलंय. पाणी पाजून पाजून जमीन मारलीया ह्येंनी. असल्या खारवट चोपणात पोरगी द्यायची व्हय?"

हंबीररावानं मटणाची वाटी पुढं सरकवली. "न्हाई, न्हाई! सुभेदारसायेब, मटण तरी चाखा!"

चाखलं. मटण बासुंदीचं सख्खं भावंड लागत होतं!

"काकवी खारट, मटण गोड!" लालासाहेब कडाडले. "उद्या पोरीनं च्या मागितला, तर तिखट मिळायचा!"

आता हंबीररावाच्या डोक्यात उजेड पडला. "बाटल्यांचा घोटाळा झाला! ह्यो चिनी लोकांचा..."

"चिन्यांवर ढकलू नगंस! रान खारावलं, की समदी असंच कायतरी सांगत्यात."

"मग रानात चला! ऊस चावून बघा!"

वरात रानात गेली. हंबीररावाचा धाकटा भाऊ गुंडा तिथं ऊस तोडत होता. त्यानं एक कांडं सोलून पुढं केलं. लालासाहेबांनी ते चोखलं, दुसरं मागितलं. तिसरं हरणाबाईंनी ओढून घेतलं. रस कोपरापर्यंत ओघळला.

"साखर हाय, गड्या, साखर! ह्या घरात पोरगी दिली!"

हंबीररावानं फेटा सावरला.

"गुंडाला," लालासाहेब म्हणाले. "ज्याला घरची काकवी वळखंना, त्याला बायकू तरी कशी वळखंल?"

घरी येऊन रंगूबाईनं रेशनची साखर वाटायला घेतली. पण आज तिचा कुठल्याच डब्यावर भरवसा उरला नव्हता. मीठ तर नाही ना, हे बघायला पहिली चिमूट तिनं हंबीररावाच्याच तोंडात घातली.

"गोड हाय," तो म्हणाला.