शेंडेजींची श्रीलंका

आमच्या समोरच्या घरात राहणारे मनोहर शेंडे आजवर सदतीस देशांत गेलेले नाहीत. आकडा त्यांचाच आहे. न गेलेले देश तुमचे-माझेही पुष्कळ असतात, पण आपण ते मोजत नाही, कारण आपलं न जाणं आळशी असतं. शेंडेजींचं न जाणं पूर्ण तयारीनिशी असतं. केनियाला ते गेले नाहीत ते अकरा दिवसांच्या कार्यक्रमासह. पेरूला गेले नाहीत तेव्हा तर उंचीमुळे डोकं दुखू नये म्हणून पहिला दिवस त्यांनी आरामाचा ठेवला होता.

मला या माणसाचा हेवा वाटतो. कुठेही न गेलेल्या माणसाचा हेवा वाटू नये, एवढं मला कळतं. पण माझी बाजूही ऐकून घ्या. मी धरमपेठेतल्या एका शाळेत सव्वीस वर्षं भूगोल शिकवतो आहे. सक्करदऱ्याच्या आमच्या गल्लीत पृथ्वीवर पहिला हक्क कुणाचा असेल, तर तो माझा. तरीही गल्लीतल्या कुणाला उटीला जायचं असो की दुबईला, तो माझ्या दारावरून चपला घासत पुढे जातो आणि शेंडेजींचं फाटक उघडतो. एकदा एकजण माझ्या दाराशी थांबला. मी लगबगीनं उठलो. तो म्हणाला, "सर, तुमच्याकडं नकाशाचं मोठं पुस्तक आहे का? शेंडेजींनी मागितलं."

मी दिलं. हसतमुखानं दिलं. त्या रात्री मला जेवण गेलं नाही.

शेंडेजी हिंगण्याच्या एका कारखान्यातून निवृत्त झाले. तिथे ते टाइम ऑफिसात होते. कोण कामगार कुठल्या पाळीत येणार, कुणाच्या जागी कोण उभा राहणार, याचे तक्ते करण्यात त्यांची सगळी नोकरी गेली. त्यामुळे सगळं जग त्यांना तीन पाळ्यांत दिसतं. "पॅरिसचा तो टावर सेकंड शिफ्टले पाहा. जनरल शिफ्टले लय गर्दी रायते." मोठ्या कागदावर पट्टीनं रेघा मारून ते सहलीचा तक्ता करतात, आणि प्रत्येक तक्त्यावर लाल शाईनं एक आडवी पट्टी असते : दुपारी बारा ते चार, सावलीत. खाली टीप : ऊन लागू नये म्हणून खिशात कांदा.

ऊन म्हणजे नागपूरचं ऊन, अशी त्यांची पक्की समजूत आहे. देश कुठला का असेना. आमच्या कोपऱ्यावरच्या डॉक्टरांना त्यांनी स्वित्झर्लंडमध्येसुद्धा दुपारी बारा ते चार हॉटेलात बसवलं होतं. डॉक्टर बसले. बाहेर बर्फ पडत होता, डॉक्टर खिशात कांदा घेऊन खिडकीतून बघत होते. परत आल्यावर म्हणाले, ट्रिप झकास झाली.

आणि सगळ्यात वाईट म्हणजे शेंडेजींना जळवता येत नाही. काही माणसांना आपण सांगतो, "आम्ही सिंगापूरला जातोय," आणि त्यांचा चेहरा पडतो, ते "अच्छा, अच्छा" म्हणतात, आपला प्रवास तिथेच निम्मा वसूल होतो. शेंडेजी दोन्ही हात डोक्यावर मारून ओरडतात, "मी जळलो ना गा! पुरा जळलो!" आणि इतक्या आनंदानं चिवड्याची बशी पुढे सरकवतात, की सांगणाऱ्याचाच चेहरा पडतो.

गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत आमचं श्रीलंकेला जायचं ठरलं. दीक्षाभूमीवरचा बोधिवृक्ष अनुराधपूरच्या रोपातून वाढलाय, हे माझी बायको कुंदा लहानपणापासून ऐकत आलेली. ते मूळ झाड आणि भोवतालचं जुनं नगर एकदा डोळ्यांनी बघायचं, ही तिची इच्छा. माझी इच्छा पोवळ्यांची होती. प्रवाळ हा सजीव आहे, हे वाक्य मी सव्वीस वर्षं फळ्यावर लिहीत होतो आणि समुद्र आयुष्यात एकदाच पाहिला होता, तोही ओहोटीच्या वेळी. जंगल दोघांनाही हवं होतं. नागपूरचा माणूस स्वर्गात गेला तरी आधी सफारी कुठून सुटते ते विचारेल.

"मी बसतो आखायला," मी म्हणालो.

"मी शेंडे भाऊजींले विचारून आली," कुंदा म्हणाली. "संध्याकाळी बोलावलं त्यांनी."

"अगं, मी भूगोलाचा शिक्षक आहे!"

"म्हनूनच. तुमच्यासंगं गेलं की परीक्षेले बसल्यासारखं वाटते."

संध्याकाळी शेंडेजी व्हरांड्यात तयारच होते. बारीक अंगकाठी, अर्ध्या बाह्यांचा शर्ट, खिशात लाल आणि निळं अशी दोन पेनं.

"सर, किनारा कोनता धरला तुमी?"

"पश्चिमेचा," मी घसा साफ करून म्हणालो. "कोलंबोपासून सोयीचा."

"मे महिन्यात? तिकडं तर मान्सून लागून राहते ना जी. पानी गढूळ. पोवळे तर सोडा, तुमचे स्वतःचे पाय दिसनार नाहीत तुमाले. पूर्वेकडं जा. त्रिंकोमाली."

मान्सून मी आठवीला शिकवतो. दोन्ही शाखा, बाणांसकट. कुंदानं माझ्याकडे एकदा पाहिलं. लग्नाला पंचवीस वर्षं झालेल्या बायकोचं ते पाहणं होतं, त्याबद्दल अधिक लिहीत नाही.

"अन् वहिनी, अनुराधपूर फर्स्ट शिफ्टले. तिथं अनवानी फिरावं लागते, मंग दगड तापते. जंगल विलपत्तूचं. बिबट दिसन."

"बिबट बघायला श्रीलंकेत?" मला अखेर हसायची संधी मिळाली. "अहो, आपल्याकडे तो विहिरीत पडतो!"

"पडते ना. पन तिथं तो रस्त्याच्या मधोमध बसते. साहेबासारखा. गाड्या थांबून राहतात."

कुंदा खळखळून हसली. माझ्या विनोदाला ती हसली नव्हती.

"काय ट्रिप आहे, सर!" शेंडेजींनी हात डोक्यावर मारले. "मी जळलो ना!" आणि बशी पुढे आली.

तो चिवडा खाताना मी मनाशी ठरवलं. या माणसाला एकदा, फक्त एकदा, खरोखरचं जळवायचं. मी तिथे असेन, हा इथे असेल. प्रत्येक मुक्कामावरून याला फोन करायचा आणि सगळं असं रंगवून सांगायचं, की चिवड्याची बशी हातातून पडली पाहिजे.

पहिला फोन कोलंबोच्या विमानतळावरून केला. आमचा मुलगा पुण्याला असतो, त्याला कुंदा मेसेज टाकत होती. मी थेट शेंडेजींना लावला. "पोचलो, शेंडेजी! काय वारा आहे! नारळाची झाडं नुसती वाकून नमस्कार करताहेत!"

"पोचले? किती वाजता उतरलं विमान?"

"अकरा वीस. पण वारा..."

"अकरा वीस. बरं झालं. पानी प्या दोघंही."

दुसरा फोन त्रिंकोमालीहून. तिथे पोचल्यावर पुढचा अख्खा दिवस समुद्र निळाशार चमकत होता, सगळ्या जगाची माणसं पाण्यात खेळत होती आणि आम्ही दोघं दुपारी बारा ते चार पडदे ओढून खोलीत पडलो होतो. तक्ता कुंदाच्या पर्समध्ये होता आणि पर्स कुंदाच्या उशाखाली. तिसऱ्या दिवशी सकाळी फर्स्ट शिफ्टला होडीनं बेटावर गेलो. मला पोहता येत नाही. गळ्यात फुगवलेलं जाकीट, कमरेला रबरी चाक, तोंडावर काच, असा मी पाण्यावर पालथा पडलो आणि खाली बघितलं.

मी थट्टा करत नाही, मी रडलो. काचेच्या आत. जांभळी, पिवळी, मेंदूसारखी सुरकुतलेली पोवळी, आणि त्यांना कुरतडणारे हिरवे-निळे मासे. सव्वीस वर्षं मी हे खडूनं पांढरं काढत होतो. तेवढ्यात माझ्या चड्डीच्या खिशातून कांदा निसटला आणि तरंगत एका जर्मन बाईच्या नाकासमोर गेला. तिनं तो दोन्ही हातांनी आदरानं मला परत दिला.

किनाऱ्यावर येताच फोन लावला. "शेंडेजी, शार्क! हाताभर अंतरावरून शार्क गेला!"

"पंखाच्या टोकाले काळं असन त्याच्या. ते काही करत नाही जी. वहिनी ठीक आहे ना?"

होतं. टोक काळंच होतं. मी समुद्रातून नुकताच बाहेर आलेला, हा सक्करदऱ्यात बसलेला, आणि माझा शार्क मला हाच समजावून सांगत होता.

विलपत्तूत बिबट्या रस्त्याच्या मधोमध बसला होता. कसा बसला होता ते मी लिहिणार नाही. फोनवरही मी नुसतं "दिसला" एवढंच सांगितलं.

अनुराधपूरला कुंदानं पांढरी साडी नेसली. आम्ही अनवाणी चालत गेलो. अफाट विटांचे स्तूप, गवतात आडवे पडलेले दगडी खांब, आणि मग ते झाड, सोनेरी टेकूंवर एक फांदी रेलून उभं असलेलं. कुंदा हात जोडून कितीतरी वेळ नुसती उभी होती. तिथे कुणाला जळवण्याची बुद्धी होईना. दिवसभर फोन राहूनच गेला. संध्याकाळी खोलीवर आठवण झाली, तेव्हा मी लावला आणि म्हणालो, "शेंडेजी, झालं दर्शन."

"झालं ना? बरं," ते म्हणाले. आवाज जरा बसलेला वाटला. मला आशा वाटली. जळलेल्या माणसाचा आवाज असाच असणार!

परत आल्यावर दुसऱ्याच संध्याकाळी दालचिनीची पुडी घेऊन मी नुकसानीची पाहणी करायला त्यांच्या घरी गेलो. ते चहा टाकायला आत गेले आणि माझी नजर भिंतीवरच्या कॅलेंडरकडे गेली. मे महिन्याच्या चौकटींत निळ्या शाईनं बारीक अक्षर होतं. सर कोलंबो, ११.२०. सर समुद्र, १०.०५. सर जंगल, ६.४०. आणि पुढच्या चौकटीत : सर अनुराधपूर. फोन नाही. त्याखाली, नंतर लिहिलेलं : ७.५०. ठीक.

"हे काय, शेंडेजी?"

ते कपबशा घेऊन दारातच थांबले. "काही नाही जी. सवय. टाइम ऑफिसातला मानूस आहे मी."

मग बसले. एक कपबशी माझ्यापुढे सरकवली.

"माही मोठी बहीण होती ना, ताई. तिनंच वाढवलं मले. हिंगण्याले लागलो तवापासून तिचा नियम. कंपनीत गेलो की पयले घरी फोन लावाचा. 'ताई, पोचलो.' ती म्हने, 'बरं.' अन् ठेवून दे. बस. बाकी एक शब्द नाही. रिटायर होयेपर्यंत रोज." त्यांनी बशीत चहा ओतला आणि परत कपात ओतला. "मंग तिकिटं काढाची होती आमची दोघांची. श्रीलंकेचीच. ताई त्याच्या आधी गेली."

"मग तुम्ही एकटे का नाही गेलात? काहून थांबलात?"

"गेलो असतो ना. दोन डाव पासपोर्ट काढला. पन विमान उतरलं, आपन पोचलो, अन् मंग? फोन हातात धरून कोनाचा नंबर लावू, सर?"

मी म्हणालो, "गल्लीतले एवढे लोक तुमच्या तक्त्यावर जातात. त्यांचे फोन..."

"मले कसे येतील जी? ज्याचा त्यानं आपल्या घरी करावा. तुमी केले." ते हसले. "चार."

आता मात्र मला राहवेना. "शेंडेजी, खरं सांगतो. मी ते तुम्हाला जळवायला केले होते."

"हाव, माहीत आहे ना मले," ते म्हणाले. "आवाजावरून समजून राहिलं होतं. पन फोन तर आला."

मी उठलो. गल्ली ओलांडली. दोन्ही फाटकांत वीस पावलंही नसतील. कुंदा भाजी निवडत होती. "काय म्हनाले भाऊजी? जळले का?" तिनं विचारलं. म्हणजे तिलाही सगळं ठाऊक होतं.

मी खिडकीशी उभा राहिलो आणि फोन लावला. समोरच्या व्हरांड्यात शेंडेजी कपबशा उचलत होते. त्यांनी त्या खाली ठेवल्या, हात शर्टाला पुसला, फोन घेतला.

"शेंडेजी," मी म्हणालो, "पोचलो."

त्यांनी मान वर करून आमच्या खिडकीकडे पाहिलं.

"बरं," ते म्हणाले. फोन मात्र दोघांनीही ठेवला नाही.