निःपक्षपाती परीक्षकाच्या खोलीविषयी

शहराला स्वभाव असतो, आणि तो कोणता हे त्या शहरात राहणाऱ्यांनीच ठरवायचं असतं. बाहेरून आलेल्यांवर हे काम सोपवता येत नाही, कारण त्यांना तो पहिल्याच आठवड्यात कळतो आणि मग चर्चेला काही उरत नाही. आमच्या शहरात ही चर्चा गेली सव्वीस वर्षं अखंड चालू आहे. ती अजून कुठल्याही निष्कर्षाला पोहोचलेली नाही, यावरून तिची खोली लक्षात यावी.

या चर्चेसाठी आमचं एक मंडळ आहे आणि मी त्याचा सचिव आहे. मंडळ दरवर्षी एक जाहीर वादविवाद घेतं. विषय ठरलेला: ‘आपल्या शहराचा आपलेपणा खरा कोणत्या भागात नांदतो?’ शहराचे भाग तीन. जुना भाग, टेकडी आणि स्टेशनामागचा भाग. (नदीपलीकडे चौथा भाग आहे म्हणतात. तिथले लोक चर्चेला येत नाहीत, त्या वेळी ते कामावर असतात.)

मी राहतो तो जुना भाग जिव्हाळ्याबद्दल प्रसिद्ध आहे. (ही प्रसिद्धी आम्हीच केली.) आमच्याकडे शेजारधर्म असा की तुम्हाला शिंक आली तर समोरच्या खिडकीतून औषध सुचवलं जातं. कोणाच्या घरी नवरा-बायकोचं वाजलं, तर शेवटपर्यंत ऐकल्याशिवाय गल्लीत कोणी दिवा मालवत नाही. टेकडीवाले याला चोंबडेपणा म्हणतात. टेकडीवर हवा आहे, झाडं आहेत आणि दुसऱ्याच्या खासगीपणाबद्दल आदर आहे. तिथल्या एका बंगल्यात दिवसाढवळ्या चोरी झाली तेव्हा समोरच्यांनी चोरांना कपाट बाहेर काढताना पाहिलं होतं, पण विचारणं बरं दिसत नाही म्हणून त्यांनी पडदा ओढून घेतला. टेकडीचे वक्ते हे उदाहरण भाषणात अभिमानाने देतात. राहता राहिला स्टेशनामागचा भाग. तिथे जिवंतपणा आहे. जिवंतपणा म्हणजे काय, हे तिथे उभं राहून सांगता येत नाही, कारण काही ऐकूच येत नाही.

मंडळाने केलेल्या पाहणीनुसार शंभरातले एक्क्याण्णव नागरिक आपलाच भाग सर्वांत माणुसकीचा आहे असं मानतात. उरलेल्या नऊ जणांनी पाहणीला गेलेल्या कार्यकर्त्याला दार उघडलं नाही. बहुसंख्य नागरिक दुसऱ्या दोन भागांत वर्षानुवर्षं फिरकलेले नाहीत, त्यामुळे त्या भागांविषयीची त्यांची मतं अनुभवाने गढूळ झालेली नाहीत.

अडचण एकच होती. परीक्षक. परीक्षक हा शेवटी माणूस असतो आणि माणूस कुठेतरी राहतो. टेकडीचा परीक्षक आणला की टेकडी जिंकायची, जुन्या भागातला आणला की जुना भाग. एकदा आम्ही शेजारच्या गावाहून परीक्षक आणला, तर त्याची सासुरवाडी स्टेशनामागे निघाली. (तरी त्याने जुन्या भागाला जिंकवलं. पण ते त्याचं घरचं भांडण होतं.) अखेर आमच्या अध्यक्षांनी, जे निवृत्त मुख्याध्यापक असून टेकडीवर राहतात, ठराव मांडला की परीक्षक असा शोधावा ज्याला या शहरात कुठेही घर नाही. ठराव एकमताने मंजूर झाला. असा माणूस मिळेल की नाही, याची सगळ्यांना काळजी वाटली.

तो मला मिळाला, आणि तोही माझं तोंड उघडं असताना. आमच्या दंतवैद्यांच्या दवाखान्यामागे एक लांबट खोली आहे. तिथे कवळ्या बनवणारे एक गृहस्थ बसतात. त्यांना सगळे कवळीवालेच म्हणतात. भिंतीवरच्या फळीवर तिन्ही भागांतल्या मान्यवरांचे प्लास्टरचे जबडे एकमेकांना चिकटून मांडलेले असतात. शहरात अन्यत्र हे दृश्य दिसत नाही. कवळीवाले मेण गरम करून तुमच्या तोंडात साचा बसवतात आणि पाच मिनिटं हलू नका म्हणतात. आमच्या शहरातला माणूस शहराविषयी मत न देता एवढा वेळ बसतो तो फक्त इथेच.

हा माणूस सहा महिन्यांपूर्वी इथे नोकरीला आला होता. बायको आणि मुलगी मेहुण्याकडे ठेवलेली. हा रात्री त्याच खोलीत, त्याच जबड्यांखाली, बाकावर झोपायचा. मुलीला इथल्या शाळेत जागा मिळाली होती, पण शाळेला इथला पत्ता हवा होता. महिनाअखेरपर्यंत राहती जागा मिळाली तर मुलगी इथे शिकणार, नाही तर ती जागा दुसऱ्या कोणाला जाणार. एवढीच त्याची गरज होती. हे सगळं त्याने मला साचा धरून ठेवल्याठेवल्या सांगितलं.

“साहेब, तुमच्याकडे वरची खोली रिकामी आहे असं कळलं,” तो म्हणाला.

माझ्या तोंडात मेण होतं, म्हणून बरं.

गैरसमज नको. आमची वरची खोली रिकामी दिसते, पण ती रिकामी नाही. मुलाचं लग्न झाल्यावर लागेल म्हणून ती ठेवलेली आहे. (मुलगा यंदा आठवीत गेला.) इतरांची कारणंही अशीच विचारपूर्वक होती. जुन्या भागात त्याला आधी विचारलं, एकटे आहात का. एकट्या माणसाला आम्ही देत नाही. बायको-मुलगी येणार म्हटल्यावर, मग पाणी पुरायचं नाही. टेकडीवर त्याला बागेत बसवून चहा दिला आणि सांगितलं, आम्ही भाडेकरू ठेवत नाही, ठेवत असतो तर तुम्हालाच ठेवला असता. स्टेशनामागे एकाने विचारलं की तुम्ही काम घरी आणता का, कारण घरात परक्यांचे दात असलेले आमच्या आईला चालणार नाहीत. तिन्हीकडे निरोप देताना एकच सल्ला मिळाला: शेजारच्या भागात विचारा, तिकडे सहज मिळेल.

मी मेण काढल्याबरोबर अध्यक्षांना फोन केला. “माणूस सापडला,” मी म्हणालो. “तिन्ही भागांत याला कोणीही जागा दिलेली नाही.”

“कोणीही?” अध्यक्षांचा आवाज भरून आला होता. “खात्री करून घ्या हो. नंतर घोळ नको.”

दुसऱ्या दिवशी हार घालून आम्ही त्याची नेमणूक केली. तो बिचारा संकोचला. त्याला वाटलं, एवढी मोठी माणसं ओळखीची झाली म्हणजे खोलीचं काम होऊन जाईल. माणूस साधा होता.

इथून पुढे जे घडलं त्याला मी स्टेशनामागच्या भागाचा उतावळेपणा म्हणेन. तिथे शिवणकाम करणाऱ्या एक काकू राहतात. कवळी बसवून घ्यायला त्या गेल्या, बाकाखालची वळकटी पाहिली आणि म्हणाल्या, माझ्याकडे मागची खोली आहे, उद्यापासून या. ना अनामत विचारली, ना पाण्याचं काढलं. तीन भागांच्या सव्वीस वर्षांच्या भाषणांत ज्याचा उल्लेख आला, ते एका बाईने कोणालाही न विचारता करून टाकलं. मंडळात खळबळ उडाली. परीक्षक स्टेशनामागे राहायला गेला की त्याचा निःपक्षपातीपणा संपला.

मी आणि अध्यक्ष तातडीने काकूंकडे गेलो. त्या शिलाई मशीनवरून उठल्या नाहीत.

“काकू, वादविवाद होईपर्यंत थांबा,” अध्यक्ष म्हणाले. “हा माणूस निःपक्षपाती राहिला पाहिजे.”

“राहू दे की. माझ्या खोलीत राहू दे.”

“तसं नाही. निःपक्षपाती म्हणजे कुठेच न राहणारा.”

“मग त्यानं झोपायचं कुठं?”

“तो प्रश्न मंडळाच्या कक्षेत येत नाही,” मी म्हणालो. नियम सांगताना मी मवाळ बोलत नाही.

काकूंनी दोरा दाताने तोडला. (नवे दात. काम चोख होतं.) वादविवाद होईपर्यंत थांबायला त्या तयार झाल्या, पण खोली त्याच्यासाठी धरून ठेवणार म्हणाल्या. आता धरून ठेवलेली खोली हाही एक प्रकारचा उपकारच, आणि उपकाराने मन झुकतं. म्हणून मंडळाने दूरदृष्टीने निर्णय घेतला आणि ती खोली तेवढ्या दिवसांसाठी स्वतःच भाड्याने घेतली. काकूंना आम्ही परीक्षकाच्याच सोयीसाठी म्हणून सांगितलं, आणि ते एका अर्थी खरंही होतं. खोलीत मंडळाच्या घडीच्या खुर्च्या ठेवल्या, आणि ‘या शहरात कोणीही परका नाही’ हा मोठा कापडी फलक. फलक लांब असल्याने तो तिरका ठेवावा लागला आणि दार नीट लागेना. काकूंना कपट कळलं तेव्हा कुलूप आमचं होतं.

वादविवाद महिन्याच्या शेवटच्या दिवशी होता. कवळीवाल्यांची बायको आणि मुलगी त्याच सकाळी सामान घेऊन उतरल्या. खोली मिळाल्याची बातमी त्यांना गेली होती, ती हुकल्याची सांगायचा त्याला धीर झाला नव्हता. मला त्या क्षणी वाईट वाटलं, हे मी नमूद करतो. सभागृहात त्यांना पहिल्या रांगेत बसवलं. ट्रंक आणि गाद्यांची वळकटी व्यासपीठाच्या कडेला ठेवली, त्यामुळे मागे बसलेल्यांना अध्यक्ष नीट दिसत नव्हते.

भाषणं अप्रतिम झाली. जुन्या भागाचा वक्ता म्हणाला, आमच्याकडे दाराला कडी नसते. (कडी असते. आतून दोन असतात.) टेकडीचा वक्ता म्हणाला, आमच्या हवेतच औदार्य आहे. स्टेशनामागचा वक्ता म्हणाला, आमच्याकडे आलेला माणूस परत जात नाही. टाळ्यांनंतर जरा शांतता झाली, तेव्हा पहिल्या रांगेतून मुलीने वडिलांना विचारलं, “बाबा, यातल्या कोणत्या भागात आहे आपलं घर?”

प्रश्न विषयाला धरून होता, पण बोलण्याची पाळी तिची नव्हती.

कवळीवाले उठले. ध्वनिक्षेपक तोंडाशी धरायचं त्यांना जमत नव्हतं. “मी तिन्ही भागांत फिरलो,” ते म्हणाले. “सगळीकडे लोक चांगलं बोलले. चहा दिला. माझी अडचण ऐकून वाईट वाटलं असं सांगितलं. आणि पुढच्या भागात पाठवलं. मला फरक करता येत नाही. तिन्ही भाग सारखेच आहेत.”

सभागृह उठून उभं राहिलं. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा निकाल तिन्ही बाजूंना मान्य झाला. अध्यक्षांच्या डोळ्यांत पाणी आलं. मानपत्र, शाल आणि परतीच्या गाडीचं भाडं देऊन आम्ही परीक्षकांचा सत्कार केला. ट्रंक उचलायला दोन कार्यकर्ते दिले. शाळेची मुदत दुपारीच संपली होती आणि काकूंच्या खोलीचं भाडं आम्ही रात्रीपर्यंतचं भरलं होतं, म्हणून संध्याकाळच्या गाडीने ते तिघं गेले. काकू तेवढ्या स्टेशनपर्यंत पोहोचवायला गेल्या आणि परत येऊन आमच्या खुर्च्या रस्त्यावर फेकल्या. हा उद्धटपणा पुढल्या वर्षीच्या भाषणात घ्यावा, अशी टेकडीची सूचना आलेली आहे.

कवळीवाल्यांना दुसऱ्या एका शहरात जागा मिळाली असं दंतवैद्य सांगतात. पोहोचले त्याच दिवशी. मुलगी शाळेत जाते. त्या शहराला म्हणे काहीच स्वभाव नाही. घरमालकाने आपल्या भागाचं वैशिष्ट्यही सांगितलं नाही, नुसती किल्ली दिली आणि मोरीचा नळ गळतो म्हणाला. अशा ठिकाणी माणसं कशाच्या जोरावर राहतात, देव जाणे. आमचं नुकसान मात्र झालं. शहरातल्या बऱ्याच प्रमुख वक्त्यांची खालची कवळी अर्धवट राहिली आहे, मीही त्यांत आहे, आणि आपलेपणा हा शब्द आम्हाला सध्या स्पष्ट उच्चारता येत नाही.

तर परीक्षकाची जागा पुन्हा रिकामी आहे. तिच्यासाठी बेघर माणूस हवा, त्याची ददात नाही. ददात वक्त्यांची आहे, आणि त्यासाठीच हे तुमच्यापर्यंत पोहोचवतो आहे. हे वाचताना तुम्ही मनातल्या मनात म्हणालात, ‘आमच्याकडे नाही बुवा असं.’ उत्तम. तिन्ही भाषणांचं पहिलं वाक्य तेच होतं. दुसरं वाक्य तुम्हाला येतंच: जागा देणारच होतो, पण. त्या ‘पण’च्या पुढचं कारण तेवढं आम्हाला कळवा. आमच्याकडची सगळी वापरून झाली आहेत.